उताऱ्यातला स्वल्पविराम



तुमच्यापैकी अनेकांची दोन खाती असतील. एक नोकरीच्या गावी, दुसरे मूळ गावी. वर्षभरात दोन्हींतून काय काय कापले गेले, हे शेवटचे कधी पाहिलेत? दोन्ही उतारे एक्सेलमध्ये शेजारी शेजारी ठेवले की ते चटकन दिसते. उतारा वर्डच्या फाईलमध्ये असेल तर तो एक्सेलमध्ये कसा न्यायचा, ते आज पाहू.

समजा, त्यातली एक ओळ अशी आहे:

05/06/2025,विमा हप्ता,436,,11564

तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक असे हे पाच रकाने. 436 नंतरचे दोन स्वल्पविराम चुकून पडलेले नाहीत. मधला जमेचा रकाना रिकामा आहे, म्हणून ते दोन आहेत. त्यातला एकही खोडू नका.

खरा घोटाळा रकमेतल्या स्वल्पविरामाचा असतो. शिल्लक 11,564 अशी लिहिली असेल, तर एक्सेल 11 एका रकान्यात आणि 564 दुसऱ्या रकान्यात टाकते. म्हणून रकमांमधले स्वल्पविराम आधी वर्डमध्येच काढा. सगळे एकदम काढू नका, नाहीतर रकानेच एकमेकांत मिसळतील. ओळ वाचून, हाताने काढा.

आता पुढची कृती:

1. वर्डमधल्या ओळी कॉपी करा. एक्सेलच्या पहिल्या रकान्यात ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘टेक्स्ट’ म्हणून चिकटवा.
2. तो रकाना निवडून ‘डेटा’मधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा. ‘डिलिमिटेड’ निवडा, पुढे ‘कॉमा’वर खूण करा. लागोपाठचे स्वल्पविराम एक धरण्याच्या पर्यायावर खूण असेल तर ती काढा.
3. शेवटच्या पायरीला घाई करू नका. तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम द्या, नाहीतर 5 जूनचा 6 मे होऊ शकतो. खाते क्रमांकाचा रकाना असेल तर तो ‘टेक्स्ट’ ठेवा. संख्या म्हणून घेतल्यास सुरुवातीची शून्ये गळतात आणि 15 अंकांपुढचे अंक शून्य होतात.

दुसरा उतारा चिकटवण्यापूर्वी फाईल जतन करून एक्सेल पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. नाहीतर ते मागची पद्धत धरून ओळी आपोआप फोडते आणि तारखेचा क्रम विचारत नाही.

मग पडताळा घ्या. सुरुवातीची शिल्लक अधिक एकूण जमा, वजा एकूण नावे. उत्तर शेवटच्या शिलकीशी पैशापर्यंत जुळले पाहिजे. जुळले नाही, तर कुठेतरी एखादी रक्कम फुटली आहे.

हिशेब जुळला की 436 हा आकडा शोधा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा हा वार्षिक हप्ता. तो दोन्ही खात्यांतून गेला असेल, तरी विमा 4 लाखांचा होत नाही. एका माणसाला 2 लाखांचेच संरक्षण मिळते. दुसरा हप्ता वाया जाऊ शकतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेच्या 20 रुपयांचेही तसेच. असे आढळले, तर एका बँकेला लेखी अर्ज देऊन तिथली आपोआप होणारी वजावट बंद करून घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. दुसऱ्या बँकेतला विमा चालू आहे, याची खात्री मात्र आधी करा.

तुम्ही न केलेला व्यवहार दिसला, तर त्याच दिवशी बँकेला कळवा. ऑनलाइन फसवणूक असेल तर 1930 वर फोन करा. उशीर झाला, तर नुकसानीचा भार तुमच्यावर येऊ शकतो.

आणखी एक. उतारा बदलून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर तो चढवू नका. त्यात तुमचे नाव, खाते आणि शिल्लक असते. हे काम आपल्याच संगणकावर होते.

या रविवारी एकाच वर्षाचे उतारे घेऊन बसा. 436 रुपये एकदा गेले की दोनदा, एवढे जरी कळले, तरी बसल्याचे सार्थक झाले.