मोतीबिंदू काढण्याआधी एवढे विचारा

आरती झाली, महाप्रसादाला थोडा वेळ आहे, तेवढ्यात चार गोष्टी सांगतो. मी नेत्रतज्ज्ञ नव्हे, साधा फिजिशियन. गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. रंग उजळले, पण हायवेवरच्या पाट्या पुसटच राहिल्या. कारण डोळ्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझम आधीपासून होता, आणि डॉक्टर असूनही त्याबद्दल मी विचारलेच नव्हते.

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल हवा. तो एका दिशेने जास्त वळलेला असला की प्रकाश एका जागी जमत नाही, अक्षरे फाकलेली दिसतात. चष्म्याच्या कागदावरचा ‘सिलिंडर’चा नंबर तो हाच.

तरुणांसाठी लॅसिक, पीआरके असे लेसरचे उपाय आहेत. पण मोतीबिंदू झाल्यावर आतले भिंगच गढूळ असते, तिथे लेसरने भागत नाही. आपल्या वयात हा नंबर सुधारण्याची संधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतच असते. नंबर थोडा असेल तर कॉर्नियाच्या कडेला बारीक छेद देतात. जास्त असेल तर टोरिक भिंग बसवतात. ते ठरलेल्या कोनातच बसावे लागते. 1 अंश फिरले तरी सुमारे 3 टक्के परिणाम कमी होतो. म्हणून मोजमाप नीट हवे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल किंवा डोळे कोरडे पडत असतील, तर मोजमापाआधीच सांगा.

आता पैशांचे. मेडिकेअरमध्ये शस्त्रक्रिया आणि साधे भिंग बसते. टोरिकचा जादा खर्च आपल्या खिशातून. आकडा लेखी मागा. परवडत नसेल तर मुळीच ओशाळू नका. साधे भिंग आणि वर चष्मा, यानेही बहुतेकांना स्वच्छ दिसते. माझेही चष्म्यानेच भागले. शस्त्रक्रियेनंतरच्या एका चष्म्यालाही मेडिकेअरची मदत मिळते. आणि दूरचे दिसण्यासाठी टोरिक बसवले, तरी पोथी वाचायला चष्मा लागतोच.

शेवटी एक विनंती. शस्त्रक्रियेच्या दिवशी स्वतः गाडी चालवता येत नाही. आपल्यातले काही एकटे राहतात आणि ‘कोण नेणार?’ म्हणून शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतात. अंधुक दिसत असताना जिन्यावर पाय चुकला, तर ते फार महागात पडते. ज्यांना महिन्यातली एक सकाळ देता येईल, त्यांनी मंदिराच्या कार्यालयात नाव नोंदवावे. आणि ज्यांना सोबत हवी आहे, त्यांनी संकोच न करता सांगावे.