देवी की मावा? लेखी उत्तर द्या!



कोरडवाहूत पीक बुडाले की पोरांची पुस्तके आणि म्हातारीचे औषध शेळी विकून होते. म्हणून कळपात फोड दिसले की घर हादरते.

त्या फोडांना आपण सरसकट 'देवी' म्हणतो. आम्ही एवढेच सांगतो, की एकाच कळपात, कधी एकाच शेळीच्या अंगावर, देवी आणि मावा हे दोन रोग एकदम असू शकतात. दोन्ही विषाणू एका घराण्यातले, पण वेगळे. देवीत ताप चढतो. कान, कास, मांड्या, शेपटीखाली गाठी उठतात. फुफ्फुसात उतरली की करडे मरतात. माव्यात ओठांवर, नाकपुड्यांवर खपल्या धरतात. करडाला पिता येत नाही, ते उपाशी मरते.

देवीची लस माव्याला अडवत नाही. मग लोक म्हणतात, "लस टोचली तरी रोग आलाच!" पुढच्या वर्षी कोणी लस घेत नाही, आणि खरी देवी येते. देवीने बसलेला कळप सावरायला 6 वर्षे लागतात, असे महाराष्ट्रातल्या पाहणीवर 2000 साली छापून आले आहे.

तेव्हा आजारी शेळी वेगळी बांधा. बाजारातून आणलेली 3 आठवडे कळपात सोडू नका. गळालेल्या खपल्या जाळा. त्यांत विषाणू महिनोन्महिने टिकतो. मावा माणसाच्या हातालाही होतो, म्हणून हातमोजे घाला. आणि डॉक्टरांना सांगून खपल्यांचा नमुना पुण्याला, औंधच्या प्रयोगशाळेत पाठवा.

आता सरकारचा हिशेब. 2009 च्या कायद्यात शेळ्यांची देवी नोंदलेली आहे. रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. आम्ही खबर देऊ. पण उत्तराचा कागद कुठे आहे?

2022 साली लम्पी आला, तेव्हा शेळ्यांच्या देवीचीच लस गावोगाव गाईबैलांना टोचली. मेलेल्या दुधाळ गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार, वासरामागे 16 हजारांची मदत दिली. चांगलेच झाले. म्हणजे मनात आणले की जमते! शेळीची लस गाईला वेळेवर मिळते, तर शेळीला का नाही?

गावोगाव ठराव करा : दरवर्षी रोग येण्याआधी लस, आणि प्रत्येक नमुन्याचे लेखी उत्तर. रोगाचे नावच कागदावर नसेल, तर मेलेल्या शेळीची दाद कुणाकडे मागायची?