कुंभाराच्या घरांतील शिसें



इटलींतील मोदेना येथें बर्नार्दिनो रामाझ्झिनी नांवाचा एक वैद्य होऊन गेला. रोग्यास विचारावयाचे प्रश्न हिपोक्रेटीसाच्या काळापासून ठरलेले होते. त्यांत यानें आपला एक जोडला : ‘तुझा धंदा कोणता?’ कारागिरांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कुंभारांची हकीकत आहे. भांड्यांस झिलई देण्यासाठीं हे लोक शिसें जाळून दळीत. त्यांचे हात प्रथम कांपूं लागत, पुढें लुळे पडत, दांत जात, आणि चेहऱ्यावर त्या शिशाचीच कळा चढे.

मग कुंभार शिसें वापरतोच कां? साधें मडकें पाझरतें. त्यावर काचेचा पातळ थर चढविला तर तें पाझरत नाहीं. परंतु काच वितळावयास भट्टी फार तापवावी लागते. तिच्या मिश्रणांत शिशाचें भस्म, ज्यास आपल्याकडे मुरदाडशिंग म्हणतात तें, घातलें कीं लांकडाच्या साध्या आंचेवरहि काम भागतें, आणि चकाकी अशी येते कीं गिऱ्हाइकाची नजर हटूं नये. शिसें गरिबाचें सरपण वाचवितें, एवढेंच त्याचें रहस्य.

इंग्लंडांत स्टॅफर्डशायरच्या कुंभारखान्यांत या विषानें स्त्रीपुरुष कामकरी इतके पछाडले कीं सरकारास चौकशी करावी लागली. १८९९ सालीं थॉर्प हे रसायनशास्त्रज्ञ व ऑलिव्हर हे डॉक्टर यांनीं आपला अहवाल दिला. कच्चें शिसें वापरूं नका, वाळूबरोबर आधीं वितळवून त्याची काच करा व मग ती दळा, म्हणजे पोटांतील आम्लांत तें सहजासहजीं विरघळणार नाहीं, असें त्यांचें सांगणें होतें. कच्चें शिसें बंद करणारे नियम मात्र १९४७ सालीं झाले. मधलीं ४८ वर्षें वाटाघाटींत आणि अर्ध्यामुर्ध्या नियमांत गेलीं!

तरी कारखान्यांत निरीक्षक जाऊं शकतो. जेथें घर हाच कारखाना, तेथें कोण जाणार? मेक्सिको देशांत सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं शिशाची झिलई नेली. त्यापूर्वीं तेथील कुंभार भांडें घोटूनच गुळगुळीत करीत. मिचोआकान प्रांतांतील कापुलासारख्या गांवीं हा धंदा घरोघर चालत आला आहे. ‘ग्रेता’ नांवाचा शिशाचा लेप ज्या अंगणांत कालवावयाचा, त्याच अंगणांत मूल रांगतें. धूळ बापाच्या कपड्यांवरून अंथरुणांत जाते. शिवाय भट्टी मंद असल्यानें झिलई पुरती वितळत नाहीं, आणि लिंबू किंवा टोमॅटो घातलेल्या पदार्थांत शिसें उतरतें.

शरीर या धातूस चुनाच समजतें व हाडांत सांठवून ठेवतें. गरोदरपणीं आईच्या हाडांतून चुना सुटूं लागला म्हणजे त्याबरोबर हेंहि सुटतें आणि गर्भास पोंचतें. लहान मुलाच्या मेंदूची झालेली हानि भरून येत नाहीं. अशा मुलास अक्षर लवकर उमगत नाहीं, एका जागीं बसवत नाहीं. शाळेंत त्यास मठ्ठ म्हणून मागच्या बांकावर बसवितात. मीं जन्मभर मास्तरकी केली आहे. त्या बांकावरच्या मुलाचा बाप काय धंदा करतो, हें पुसण्याची रीत आमच्या शाळांत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांत एक डेसिलिटर रक्तांत ५ मायक्रोग्रॅम शिसें आढळल्यास त्याचा उगम शोधून तो दूर करावा असें सांगितलें. निर्धोक असें प्रमाण मुळीं ठाऊकच नाहीं. ‘हात धुवा, कामाचे कपडे घरांत आणूं नका’ हा उपदेश खोटा नव्हे, पण अंगणच कारखाना असलेल्या बाईस तो करणें म्हणजे पावसांत उभ्या असलेल्यास कोरडें राहा म्हणण्यासारखें आहे.

झिलईच बदलली पाहिजे, आणि ती बदलतां येते. टांकणखारांतील बोरॉन घालून बिनशिशाची झिलई होते. मात्र तिला बहुधा अधिक व एकसारखी आंच लागते. जुन्या भट्टीच्या विटांत वर्षानुवर्षांचें शिसें मुरलेलें असतें, तें नव्या भांड्यांसहि बाधतें, म्हणून भट्टी साफ करावी किंवा नवी बांधावी लागते. हा खर्च कुंभाराच्या माथीं येतो. बाजारांत दोन्हीं भांडीं शेजारीं मांडलीं असतां नुसत्या नजरेनें कोणतें कोणत्या झिलईचें हें गिऱ्हाइकास सांगतां येत नाहीं, आणि तें घासाघीस करतें ती दोहोंची सारखीच.