लशीची भीती
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण एक गोष्ट मनात राहून गेली आहे.

९ मार्च २०२० ला आपल्या पुण्यात करोनाचे पहिले रोगी सापडले. वर्षभर आपण सगळ्याजणी लशीची वाट पाहिली. १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना लस मिळू लागली, आणि नेमकी तेव्हाच मी कच खाल्ली! कोणी म्हणे ताप चढतो, कोणी म्हणे माणूस दगावतो. सत्तरीच्या सासूबाई तयार होत्या. "लहानपणी देवी काढल्याच ना माझ्या?" म्हणून दंडावरचा वण दाखवीत. मीच "थांबा, आधी दुसऱ्यांचे काय होते ते बघू" म्हणून अडविले.

एप्रिलात त्या आजारी पडल्या. अकरा दिवस प्राणवायूवर होत्या. वाचल्या; पण जिना चढणे सुटले ते सुटलेच.

पुढे शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा मी "भिऊ नका" म्हटले नाही. भीती वाटणारच. सांगितले, हात दुखेल, एकदोन दिवस कणकण येईल. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. लस घेऊनही करोना होतो, पण जिवावर बेतणे पुष्कळ कमी होते. काकू आल्या.

सासूबाईंना बरे झाल्यावर तीन महिन्यांनी मीच नेले. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. नुसता दंड पुढे केला.