शर्करेचे पाश आणि पटकीचा जंतू

नोव्हेंबर १८१७ मध्ये पेंढाऱ्यांवरील मोहिमेसाठी निघालेली लॉर्ड हेस्टिंग्जची फौज बुंदेलखंडात सिंध नदीच्या परिसरात तळ देऊन होती. झाशीच्या सुभेदारांचा कंपनी सरकारशी तह झाला तो याच महिन्यात. छावणीत पटकी शिरली आणि थोड्याच दिवसांत हजारो माणसे दगावली. अखेर तळ हलवून बेतवेकाठच्या एरच या गावी, म्हणजे आजच्या झाशी जिल्ह्यात, नेण्यात आला. तेथे साथ ओसरली. श्रेय उंच, कोरड्या जागेला मिळाले. पाण्यातील जंतूची ओळख पटावयास अजून अनेक दशके जावयाची होती.

हा जंतू पाण्यात नेहमीच सुटा राहतो असे नाही. पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवांच्या अंगावर कायटिनचे आवरण असते आणि कायटिन म्हणजे एका शर्करेचीच लांब साखळी होय. पटकीच्या जंतूपाशी ही शर्करा ओळखून तिला चिकटणारे प्रथिन असते. बांगलादेशात रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच उपयोग करून घेतला. जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळले, तर एकटा जंतू सहज पार होतो. पण तो ज्यावर बसलेला असतो तो जीव मात्र अडकतो. त्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे पाणी फडक्याने गाळून घेण्याची रीत जुनीच आहे. पदर किती असावेत, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला असेल.

निसर्गातील हा पाश प्रयोगशाळेतही विणता येतो. ई. कोलाय या जंतूच्या केसांसारख्या तंतूंच्या टोकाशी मॅनोज नावाची शर्करा पकडणारे प्रथिन असते. एका शर्करारेणूवरील पकड दुबळी असते. परंतु एकाच पृष्ठभागावर असे असंख्य रेणू दाटीने बसविले, की जंतूस सुटणे कठीण होते. २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी चुंबकीय सूक्ष्मकणांवर शर्करा जडवून ते जंतुमिश्रित द्रवात सोडले आणि लोहचुंबकाने ओढून घेतले. पाच मिनिटांत जंतूंचे अस्तित्व कळले, तसेच ८८ टक्क्यांपर्यंत जंतू द्रवातून वेगळेही झाले.

परंतु खरी अडचण येथेच आहे. मॅनोजला निरुपद्रवी ई. कोलायही चिकटतो, तेव्हा जंतू सापडला म्हणजे रोग सापडला असे होत नाही. त्याच संशोधकांनी म्हणून निरनिराळ्या शर्करा वापरून, कोणता वाण कशास किती चिकटतो, यावरून वाणांतील फरक ओळखला.

पटकीच्या बाबतीत दुसराही मार्ग आहे. रोगाचे मूळ जंतूने आतड्यात सोडलेल्या विषात आहे, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखविले. पुढे असे आढळले, की ते विष आतड्याच्या पेशींवरील जीएम-१ या शर्करायुक्त स्निग्ध रेणूलाच धरते. तोच रेणू प्लास्टिकच्या वाटीच्या तळाशी बसवून नमुना ओतला, की विष असल्यास तेथे अडकते व रंग पालटून दिसते. विष नसेल, तर धुताना सारे वाहून जाते.