गवताची पेंढी आणि समूहाची शक्ति

यवतमाळ जिल्ह्यांतील वणी हें निर्गुडा नदीच्या कांठचें गांव. 29 ऑगस्ट 1880 रोजीं तेथें माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. वऱ्हाडनें पुढें त्यांस 'लोकनायक बापूजी' म्हणून गौरविलें. ते टिळकांचे अनुयायी. पेशा वकिलीचा आणि ओढा सनदशीर राजकारणाकडे. मध्यवर्ती कायदेमंडळांत बसून सरकारशीं वाद घालणारा हा विद्वान् गृहस्थ 10 जुलै 1930 रोजीं पुसदजवळच्या राखीव जंगलांत गवत कापण्यास कां बरें गेला असेल?

त्या वर्षीं देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता. परंतु वऱ्हाडाला समुद्र कोठला? अकोला जिल्ह्यांत दहिहंडा येथें खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्यांत आलें खरें. पण अशा विहिरी गांवोगांव थोड्याच असणार! गुरें मात्र प्रत्येक खेड्यांत होतीं. राखीव जंगलांतील गवत परवान्यावांचून कापणें हा गुन्हा होता, आणि त्याचा जाच शेतकऱ्यास व्याख्यान देऊन पटवावा लागत नव्हता. म्हणून सत्याग्रहासाठीं हाच कायदा निवडण्यांत आला.

एकट्यानें रात्रीं कापलेल्या पेंढीस सरकार चोरी म्हणे. तीच पेंढी आगाऊ कळवून, दिवसाढवळ्या, साऱ्या गांवासमक्ष कापली, कीं परकी सत्तेच्या न्यायालाच प्रश्न विचारला जाई. अण्यांना अटक होऊन कारावासाची शिक्षा झाली. तरीहि सत्याग्रह थांबला नाहीं. पुढारी तुरुंगांत गेल्यावर जें काम चालूं राहतें, तेंच लोकांचें काम होय.

तथापि या यशाला मर्यादा होत्या. 5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारांत मिठाबाबत सवलत मिळाली. जंगलाबाबत तशी मिळाली नाहीं. शिवाय गवतासाठीं एकत्र येणाऱ्या खेड्यांतच अस्पृश्यांचा पाणवठा निराळा होता. परक्यांकडे न्याय मागणारें गांव आपल्याच माणसांस तो देत नव्हतें.

या अन्यायाला संघटित उत्तर देण्यासाठीं जुलै 1942 मध्यें नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालें. त्याच वेळीं सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं दलित स्त्रियांची परिषदहि भरली. ज्यांना न्याय हवा होता, ते आतां स्वतःच एकत्र आले होते.

या दोन घटना शेजारीं ठेवून पाहाव्यात. समान गरज असली कीं माणसें एकत्र येतात. परंतु त्यांची एकजूट टिकावयाची तर गांवच्या विहिरीवरहि सर्वांना सारखाच मान मिळाला पाहिजे.