पिल्लाच्या छातीवर हात ठेवून बघा

आज मी कुत्र्याच्या पिल्लाबद्दल बोलणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका काकूंची कुत्री व्याली. पाच पिल्लं झाली. त्यातली एक मादी बाकीच्यांसारखी वाढेना. चार पावलं पळाली की बसायची, धापा टाकायची. काकू मला म्हणाल्या, "ताई, हिच्या छातीला हात लाव. आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतंय." मी हात लावला, तर खरंच तसं लागत होतं. आम्हाला वाटलं, कफ असेल. घरचे उपाय करत बसलो. तीन महिन्यांनी रेबीजच्या लशीला नेली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, "हा कफ नाही, हृदयाचा जन्मदोष आहे. फुप्फुसात पाणी साठायला लागलंय." महिन्याभरात ती गेली.

डॉक्टरांनी मग आम्हाला नीट समजावून सांगितलं. पोटात असताना पिल्लू श्वास घेत नाही. त्याला सगळं आईच्या नाळेतून मिळतं. म्हणून फुप्फुसाकडे जाणारं रक्त एका छोट्या नळीतून बाहेरच्या बाहेर मोठ्या रक्तवाहिनीत वळवलेलं असतं. जन्मानंतर थोड्या दिवसांत ही नळी आपोआप मिटते. काहींची मिटतच नाही. त्याला डॉक्टर पीडीए म्हणतात. कुत्र्यांमध्ये जास्त आढळणाऱ्या हृदयाच्या जन्मदोषांपैकी हा एक.

विहिरीवरच्या पाइपाला भोक पडलं तर काय होतं? पाणी परत विहिरीत पडतं, मोटर दिवसभर चालते आणि पीक कोरडंच राहतं. इथंही तसंच. अंगाला जायचं रक्त परत फुप्फुसात जातं. हृदय दुप्पट राबतं, फुगतं आणि शेवटी थकतं. उपचार झाले नाहीत, तर यातली निम्म्याहून जास्त पिल्लं वर्षाच्या आतच जातात.

पूर्वी यावर एकच इलाज होता. बरगड्यांमधून छाती उघडायची आणि ती नळी दोऱ्यानं बांधायची. माणसात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी झाली ती १९३८ साली, अमेरिकेत बोस्टनला. डॉक्टर रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीवर ती केली. त्याआधी त्यांनी कुत्र्यांवर सराव केला होता. म्हणजे आपल्या लेकरांच्या उपचारामागे कुत्र्यांचंही देणं आहे.

आता छाती न उघडताही काम होतं. पिल्लाला भूल देतात. मांडीपाशी छोटासा छेद घेऊन रक्तवाहिनीत बारीक नळी सरकवतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती हृदयाजवळ नेतात. तिच्यातून तारेच्या जाळीचं घडी केलेलं बूच सोडतात. ते जागेवर उलगडतं आणि वाट बंद होते. बहुतेक पिल्लं एक-दोन दिवसांत घरी जातात. दुसऱ्या एका दोषात हृदयाची झडप अरुंद असते. तिथं अशाच नळीतून फुगा नेतात आणि तो फुगवून झडप मोकळी करतात.

खरं तेही सांगते. ही सोय तालुक्याच्या दवाखान्यात नाही. मोजक्या मोठ्या शहरांत आहे आणि खर्च मोठा आहे. फारच लहान पिल्लाच्या रक्तवाहिनीत नळी मावत नाही, तेव्हा छाती उघडावीच लागते. आणि फार उशीर झाला, रक्त उलटं वाहू लागलं, तर ती वाट बंद करताच येत नाही. पण वेळेवर कळलं, तर निदान काय करायचं ते आपल्याला ठरवता येतं. गोळ्यांनी त्रास कमी करता येतो. हा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो, म्हणून अशा कुत्रीला पुढं पिल्लं होऊ देऊ नयेत.

आता मूळ मुद्दा. हाच दोष माणसाच्या बाळातही असतो, आणि मुलींमध्ये जास्त दिसतो. बाळ दूध पिताना थकतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, सारखी सर्दी-न्यूमोनिया होतो. आपण काय म्हणतो? "नाजूकच आहे." मुलगी असेल तर आणखी चार महिने थांबतो. किंवा सुनेला बोल लावतो, ग्रहणात भाजी चिरली म्हणून. काकूंची पाचही पिल्लं एकाच पोटातली, एकाच वेळची. दोष एकीलाच होता. मग त्यात आईची चूक कुठली?

पिल्लासाठी पैसे उभे करणं आपल्याला अवघड आहे. पण लेकरांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. हृदयाचे जन्मदोषही ते तपासतात आणि पुढच्या मोफत उपचाराला पाठवतात. त्या दिवशी बाळाला घरी ठेवू नका. मजुरी बुडेल, बुडू द्या. वर सांगितलेलं काही दिसत असेल, तर पथकाचीही वाट बघू नका. आशाताईंना सांगा, दवाखाना गाठा.

काकू आता गटाच्या बैठकीत लहान बाळ आलं की आधी त्याच्या आईला विचारतात, "दूध पिताना दमतं का गं?" तुम्हीही विचारा. आणि दारात नवं पिल्लू आलं, तर डाव्या बाजूला, पुढच्या पायाच्या बगलेपाशी हात ठेवून बघा. गुरगुर लागली, तर लशीची वाट बघू नका. हाताला काही नाही लागलं, तरी धाप लागणारं पिल्लू डॉक्टरांना दाखवाच.